कुंकवात अडकलेली सुई

मित्रांनो, मी एक जुना पितळी बॅरोमीटर आहे. हवेचा दाब मोजतो. दाब झपाट्यानं उतरला की वादळ येतंय, एवढंच मला सांगता येतं. पण तेवढं सांगण्यात मी कधी अंगचोरपणा केला नाही. फक्त बघण्याआधी काचेवर एक टिचकी मारायची, म्हणजे अडकलेली सुई सुटते.

शिरोली एमआयडीसीत कृष्णातचं लेथचं वर्कशॉप होतं. जुन्या बाजारात धूळ खात पडलेल्या मला त्यानं उचललं आणि घासूनपुसून लख्ख केलं. त्याला डोंगर चढायचं भारी वेड. ऐन हिवाळ्यात हिमालयातलं एक शिखर गाठायचं आणि माथ्यावर जोतिबाचा गुलाल उधळायचा, असं त्यानं पक्कं केलं होतं.

निघण्याआधी खंडेनवमी आली. सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पूजेला मांडली. माझी तर काचही काढली होती. कृष्णातच्या आई बायडाबाई यांनी मोठ्या मायेनं माझ्या तबकडीवरच ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि लेकाला बजावलं, "पुजलेल्या वस्तूला आता टिचक्याबिचक्या मारायच्या न्हाईत." एवढा मान मिळाल्यावर मीही फुगलो. तेलात कालवलेलं ते कुंकू सुईच्या बुडाशी उतरलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

उंचीवर दाब उतरतोच, म्हणून प्रत्येक मुक्कामी कृष्णात माझी सुई नव्यानं लावून घ्यायचा; शिखराखालच्या शेवटच्या तंबूत पोचेपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथं थंडी अशी, की ट्रान्झिस्टरच्या सेलनी मान टाकली आणि हवामानाच्या बातम्या बंद पडल्या. आता अंदाज सांगणारा मी एकटा. सकाळी आभाळ निरभ्र होतं, पण दाब भराभर घसरत होता. माझ्या पोटातली दाब ओळखणारी डबी सुईला ओढत होती आणि सुई जागची हलेना! गारठ्यानं कुंकवाचा लगदा घट्ट झाला होता. मी घाबरलो. तंबूतली दोघंही माझ्या भरवशावर मरणाच्या तोंडी जाणार होती.

कृष्णातनं मला पाहिलं. "सुई हाय तिथंच हाय. निघूया, बाई!"

मोहिमेच्या प्रमुख नंदिनीबाई कोल्हापुरात शाळेत शिकवायच्या. त्यांनी विचारलं, "टिचकी मारलीस का?"

"आई नको म्हणलीया. पुजलेला हाय त्यो."

"आईंची माफी मी मागते. आण इकडं."

मी हट्टालाच पेटलो. काही झालं तरी हलायचंच! पहिल्या टिचकीनं काही झालं नाही. दुसरी जोरात बसली, आणि सगळा जीव एकवटून मी सुई ओढली. ती सुटली ती थेट वादळाच्या खुणेवर जाऊन थांबली.

"एवढ्या लांब आलोय की, बाई..." कृष्णात म्हणाला. मग तो बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मलाही फार वाईट वाटलं. दुपारच्या आत असं वारं सुटलं, की शिखर दिसेनासं झालं. तंबूचे खांब दोघांनी हातांनी धरून ठेवले.

गुलालाची पुडी तशीच घरी आली. पुढच्या खंडेनवमीला कृष्णातनं आईला सगळं सांगितलं.  मग बायडाबाईंनी माझी काच घट्ट बसवून घेतली, माझ्या पितळी पेटीवर तोच गुलाल उधळला आणि सगळ्यांना दरडावलं, "आदी टिचकी मारा, मग पाया पडा!"

मित्रांनो, आता मी वर्कशॉपच्या फळीवर असतो. तुमच्या घरच्या यंत्रांना हळदकुंकू जरूर वाहा, पण ती चालतात का, तेही बघत जा. आणि कधी इकडं आलात, तर मला एक टिचकी मारा. मी अजून हलतो.