पाण्यातले देव

मनुबाईने एका खोट्या पोरासाठी खरे देव पाण्यात घातले, ही बातमी बुधवारी सकाळचा मासळीबाजार उठायच्या आत चेंदणी कोळीवाड्यात घरोघर पोचली. सत्त्याऐंशी साल होतं आणि टीव्ही दहा घरांत एक.

झालं होतं असं. मंगळवारच्या मालिकेतल्या बाईंचा मुलगा पुरात वाहून गेला. शोध चालू आहे, एवढं सांगून भाग संपला. आता आठ दिवस जिवाला घोर! मनुबाई उठली, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक काढून तिने पितळी घंगाळात बुडवले आणि पोर सापडेपर्यंत बाहेर काढणार नाही, असं देवाला बजावलं.

तिचा नवरा दामाजी हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "अगो, तो पोरगा आता मुंबईत घरी बसून भजी खात असंल!"

"खाऊ दे. तुज्या का पोटात दुखतं?"

पुढच्या मंगळवारी मनुबाईच्या टीव्हीपुढे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालिकेआधी टूथपेस्टच्या जाहिरातीत तोच पोरगा बत्तीशी दाखवत आला. "बघा, जिता हाय!" मनुबाई ओरडली. पण मालिकेला जाहिरातीशी काय देणंघेणं? पोर गेलंच. मग त्या बाई तरातरा देवळात शिरल्या, थेट गाभाऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी रोज दिवा लावला. तू काय केलंस?"

शेजारच्या वासंतीने गालांवर चापट्या मारून घेतल्या. "बाय गो! देवाला अशी बोलतान का? पुढच्या भागान हिचा काय खरा नाय."

 नऊ वर्षांपूर्वी मनुबाईचा मुलगा नामा खाडीत गेला, तेव्हाही देव असेच तीन दिवस पाण्यात होते. चौथ्या दिवशी नामा सापडला तो चौघांनी खांद्यावर न्यायलाच. सुतक फिटल्यावर तिने आपल्या हाताने टाक काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि नारळ फोडला. दामाजीची होडी तेव्हा समुद्रात जात होती. नवरा पाण्यावर असताना देवाशी वाकडं कोण घेईल? म्हणून तिने सगळं गिळलं. गिळलेलं पचलं मात्र नव्हतं.

आता मालिकेचा निकाल लागला, तरी टाक घंगाळातच. बुधवार गेला, शुक्रवार गेला. दामाजीचं हसू मावळलं.

"अगो, काढ त्यांना. सर्दी व्हईल."

"होऊ दे."

"कोप व्हईल."

"तुजी होडी कवाच इकली. आता यो माजा काय वाकडा करनार हाय?"

 देव्हारा रिकामा, तिन्हीसांजेला दिवा नाही. हिने देव कायमचा सोडला तर, या विचाराने तो जेवताना घासागणिक तिच्याकडे बघायचा.

रविवारी सकाळी तो कट्ट्यावरून परतला, तर मनुबाई घंगाळापुढे बसून भांडत होती. मासळी कापायची कोयती मांडीशी, हातवारे बाजारातले, बोट देवीच्या टाकाकडे. "कोंबडा दिला, नारल दिला, चुकली कवा? लगीन ठरला होता त्याचा. हलद मी दलून ठेवली होती. ती काय करू, सांग! आई म्हनतेस सोताला? लाज नाय वाटली?" मग ती हमसाहमशी रडली. नऊ वर्षांत दामाजीने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने पदराला नाक पुसलं. "बोलली सगला. संदयाकाली दिवा लावीन," ती पाण्याला म्हणाली आणि टाक काढायला तिने हात घातला.

"थांब," दामाजी म्हणाला. दुखरे गुडघे धरत तो कण्हत कण्हत खाली टेकला.

"आता काय?"

"सरक जराशी. माजा पन बोलायचा रायलाय."