दीर घंटा

"हे हस्ताक्षर तुमचं का?" विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञांनी सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्सचा गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला.

नामदेव तांडेल यांनी चष्मा सावरून पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. "नाही सर. अक्षर जगदाळ्यांचं आहे. नोट्स माझ्या आहेत."

"म्हणजे नोट्स तुमच्या आणि लिहिल्या जगदाळ्यांनी?"

"स्टेन्सिल त्यांनी कापल्या. तेव्हा ते माझे विद्यार्थी होते. त्यांचं अक्षर सुरेख होतं, माझं कुणाला लागायचं नाही."

त्यावर तज्ज्ञांनी एक कोरं करकरीत इंग्रजी पुस्तक समोर ठेवलं. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगवरचं, महिन्याभरापूर्वी पुण्यात छापलेलं. लेखक प्रा. सहदेव जगदाळे. "पानंच्या पानं सारखी आहेत, तांडेल. शब्दाला शब्द. आणि तुम्ही तर अर्जाला हाच गठ्ठा 'माझं लेखन' म्हणून जोडलाय. आम्ही काय समजायचं?"

विभागप्रमुखाच्या एका जागेसाठी ही मुलाखत होती. उमेदवार दोन, तांडेल आणि जगदाळे. पुस्तक छापलं गेलंय हे तांडेलांना आत्ता, या खुर्चीत बसल्यावर कळत होतं.

चौऱ्याऐंशी साली कल्याणजवळ, मोहन्याच्या रस्त्याला हे कॉलेज निघालं तेव्हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन मशिनं आणि तांडेल. कोपरच्या खाडीवर होडी घालणाऱ्या गुणाजी कोळ्याचा मुलगा पवईहून एम.टेक. होऊन आला, याचं गावाला कौतुक होतं आणि कॉलेजला सोय. अभ्यासक्रम नवा, परदेशी पुस्तकं कुणाला परवडत नव्हती. म्हणून तांडेलांनी स्वतःच नोट्स काढल्या. त्यावर कधी स्वतःचं नाव घातलं नाही. नोट्सवर नाव काय घालायचं, असं त्यांना वाटे. माणूस शहाणा असला की कुठे कुठे अगदीच बावळट असतो, तशातलाच हा प्रकार.

सहदेव जगदाळे त्याच सुमाराला माण तालुक्यातून शिकायला आला. तिथे प्यायच्या पाण्याची मारामार, इथे दाराशी खाडी. हॉस्टेल नव्हतं, खानावळीचं अन्न सोसेना. तांडेलांनी त्याला घरी जेवायला बोलावलं ते दोन वर्षं. पुढे तो पास झाला, तेव्हा तांडेलांनीच प्राचार्यांकडे शब्द टाकून त्याला लेक्चरर म्हणून लावून घेतलं. तो एम.ई. करायला गेला, तर त्याचे तास चार सहामाही यांनीच घेतले. या सगळ्याची त्यांनी कुठे वाच्यता केली नाही, आणि नेमकं तेच आता अंगाशी आलं होतं.

समितीच्या एका टोकाला प्राचार्य बसले होते. नोट्स कुणाच्या हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तांडेलांनी त्यांच्याकडे पाहिलं. प्राचार्य फाइलीत काहीतरी शोधत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कॉलेजचं नाव ठळक छापलेलं होतं.

"सर, चौथा प्रोग्रॅम काढा," तांडेल तज्ज्ञांना म्हणाले. "भरतीच्या वेळेचा."

तज्ज्ञांनी पान काढलं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीचा तास मिळतो, हा कोळ्यांचा हिशेब. अष्टमीला सहा वाजता. पण कोपरच्या खाडीत पाणी उशिरा चढतं, म्हणून प्रोग्रॅममध्ये नव्वद मिनिटं मिळवलेली होती. त्या आकड्याला नाव दिलं होतं डी-आय-आर.

"पुस्तकात त्याचा अर्थ काय दिलाय?"

"डिरेक्शन फॅक्टर. पाण्याची दिशा."

"दिशा नाही सर. तो दीर आहे."

"दीर? म्हणजे नवऱ्याचा भाऊ?" समितीतले दुसरे सभासद म्हणाले आणि सगळे हसले.

भर सभेत वडिलांचं धोतर फेडल्यासारखं तांडेलांना झालं. तरी ते सांगत राहिले. "आमच्याकडे दीडला दीर म्हणतात, खाडीला खारी, जोडला जोर. माझे वडील मला सांगायचे, 'मुंबयचे भरतीला दीर घंटा जोर, मंग आपले खारीन पानी येतं.' हा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला हे माहीत असणार. जगदाळ्यांना माहीत नाही, म्हणून त्यांनी दिशा लिहिलं."

तज्ज्ञांनी ते पान पुन्हा वाचून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी प्राचार्यांना विचारलं, "तुमचं काय मत?"

"मी सिव्हिलचा माणूस," प्राचार्य म्हणाले. "यातलं मला काय समजणार?"

बाहेर बाकावर सहदेव टाय लावून बसला होता. सर दिसताच उठला आणि नेहमीच्या सवयीने पायाशी वाकला. परीक्षेला, मुलाखतीला जाण्याआधी गुरूच्या पाया पडायचं, ही त्याची रीत पहिल्या वर्षापासूनची. आणि तांडेलांचा हातही सवयीनेच त्याच्या डोक्यावर गेला. 'यशस्वी हो' हे शब्दही निघून गेले. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या हाताचा राग येत होता.

"मला सांगायचं तरी होतंस, सहदेव."

"सांगणारच होतो सर. पण तुम्ही कधी छापलंच नसतं. पडून राहिलं असतं सगळं." तो खरंच प्रेमाने बोलत होता. "नावाचं काय एवढं, सर? तुम्हीच तर म्हणायचात."

त्याला आतून हाक आली आणि तो गेला.

घरी बायकोने, शेवंतीने, सगळं ऐकून घेतलं. हातातली कोयती तशीच धरून ती म्हणाली, "माजे हातचा जेवला तो. त्याला बोंबील खाता येत नव्हतं, काटा काढून देत व्हते मी. आबा त्याला होरीत बसवून खारी दाखवाला न्यायचं." आबा म्हणजे तिचे सासरे, गुणाजी. ते जाऊन पाच वर्षं झाली होती. "तुमी त्याला कायच बोललाव नाय?"

"आशीर्वाद दिला," तांडेल म्हणाले.

जागा जगदाळ्यांना मिळाली. तांडेल त्यांच्या हाताखाली राहिले. दुसरीकडे जायचं तर वय पन्नाशीला टेकलेलं, आणि पुस्तक एकही नाही. वर्षभरात पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं. नवी मुलं आपसात म्हणू लागली, "तांडेल सर काय यार, सगळं जगदाळे सरांच्या बुकातलंच बोलतात." हे त्यांच्या कानावर यायचं. ते निमूट पुढचा मुद्दा घ्यायचे.

सत्त्याण्णवच्या जुलैत दुसरी आवृत्ती आली. तांडेल वर्गात चौथा प्रोग्रॅम शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या उत्तरा नावाच्या मुलीने हात वर केला.

"सर, माझ्याकडे जुनं बुक आहे, त्यात डिरेक्शन लिहिलंय. हिच्या नव्यात वेगळंच आहे."

"वाच."

शेजारच्या मुलीच्या पुस्तकातली तळटीप तिने मराठी करत वाचून दाखवली. डी-आय-आर म्हणजे दीड या शब्दाचा स्थानिक उच्चार. ही माहिती लेखकाला खाडीकाठच्या एका निरक्षर वृद्ध कोळ्याकडून मिळाली.

मुलाखतीतलं बोलणं जिथे पोचायचं तिथे पोचलं होतं. चूक दुरुस्त झाली होती. तांडेलांकडे पुरावा म्हणून होती ती एवढी एकच चूक.

"सर, कोण असेल हो तो म्हातारा?" उत्तराने सहज विचारलं.

तांडेलांनी हातातला खडू खाली ठेवला.

"गुणाजी," ते म्हणाले. "गुणाजी नाव त्यांचं. निरक्षर नव्हते, सही करायचे. लिहून घ्या."

साठ जणांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं.

"आडनाव, सर?"

सर फळ्याकडे वळले होते. "तेवढं पुरे," ते म्हणाले, आणि त्यांनी पाचवा प्रोग्रॅम लिहायला घेतला.