चहा न पिणारा पोरगा

उलानबातरच्या टेकडीवरल्या वस्तीत मॉर्मन धर्मप्रचारक म्हणून आलेल्या हॅस्लमला तोंडावर दारं आपटून घ्यायची सवय झाली होती. दुलमाआजीने मात्र त्याला आणि त्याचा जोडीदार तेमूलेनला आपल्या लोकरीच्या तंबूत घेतलं, ते सरळ लाकडं फोडायला लावायला. काम झालं की ती मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे करायची आणि हॅस्लम कानकोंडा व्हायचा.

"आजी, आमच्या धर्मात चहा चालत नाही."

"आणि माझी चूल चालते होय रे, लांबड्या?"

चालायची खरी. बर्फाने भिजलेले त्याचे हातमोजे तिथेच तर वाळायचे. रोजच्या प्रार्थनेत तो देवाचे आभार मानायचा, त्यात त्या चुलीचा नंबर पहिला.

आजीचा मुलगा कोरियाला कामासाठी गेला, तेव्हा त्याची बॅग हॅस्लमनेच उचलली होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आजी, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून, मुलाच्या वाटेवर पळीने दूध शिंपडत राहिली होती.

मग हॅस्लमचीही मायदेशी परतायची वेळ आली. निरोपाला गेला, तर आजीने पुन्हा चहाचा वाडगा पुढे केला. त्याने पुन्हा मान हलवली.

"मेला हट्टी तो हट्टीच," आजी पुटपुटली.

तो उतार उतरायला लागला, तेवढ्यात बुटांमागे काहीतरी ओलं पडलं. वळून पाहतो तर आजी दुधाचं भांडं आणि पळी घेऊन उभी.

"हे प्यायचं नाहीये!" ती ओरडली. "आता म्हण नाही!"