वैशाखातलं शेण

"आमच्या म्हशीनं किती टाकलं ते बी आता सायबाला सांगायचं? इचारताना लाज नाय वाटत गं त्याला?" अंबूबाई माझ्या कानाशी कुरकुरली.

साहेब म्हणजे खोपोलीचा झाकीर. एका संस्थेकडून आमच्या वाडीत वीज करायला आलेला. खोपोलीहून निघालेल्या जाड तारा आमच्या खाचरांवरूनच जातात, पण त्यांतली वीज खाली उतरत नाही. गुणगुण तेवढी फुकट ऐकायला मिळते. म्हणून झाकीरनं बेत आखला होता. सगळ्या गोठ्यांचं शेण एका टाकीत, तिच्या गॅसवर इंजिन, इंजिनावर नदीकाठच्या विहिरीचं पाणी वर वाडीत चढवणारा पंप, आणि संध्याकाळी दोन तास घरटी एक दिवा.

श्रावणात आठ दिवस तो रोज सकाळी गोठ्यागोठ्यांतून पाट्या तोलत फिरला. बासष्ट गुरं, गुरामागं दहा किलो. आज देवळात बसून तो शेवटचं विचारत होता. टाकी एकच होती आणि पलीकडची वाडीही ती मागत होती.

"उन्हाळ्यातही एवढंच शेण मिळेल ना? पंप खरा तेव्हाच लागणार."

"मिळंल की," बुधाजी म्हणाला. वाडीत त्याचा शब्द मोठा. "गुरं काय उन्हाळ्यात उपाशी ऱ्हातात व्हय?"

माणसं हसली. बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली, खोटं कशाला सांगू?

माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ पारू बसली होती. गेल्या वैशाखात दोन हंडे घेऊन नदीची चढण चढताना ती घसरली. मांडीचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. तरी दिवसाला सहा खेपा तिच्याच. वाडीला टाकी मिळावी म्हणून तिनं नवस बोललेला मला ठाऊक होता.

झाकीरनं कागदाची घडी घातली. उठता उठता त्याचं लक्ष पारूच्या पायाकडे गेलं.

"वहिनी, येत्या वैशाखात तुमच्या डोक्यावर हंडा नसेल. माझा शब्द."

कुणी हसलं नाही. बुधाजी तंबाखू मळत राहिला. अंबूबाईनं पदर तोंडाशी नेला. मी पारूचा हात दाबला. गप बस, बाई.

तिनं तो सोडवून घेतला.

"झाकीरभाऊ, शब्द नका देऊ," ती म्हणाली. "भात कापलं की आमी गुरं मोकळी सोडतो, ती रानातच ऱ्हातात. गोळा केलं तेवढं शेण राबात, भाताचं रोप टाकायच्या जागंवर, जळतं, त्याबिगर रोप व्हत नाय. वैशाखात तुमच्या टाकीत घालायला या वाडीत पाटीभर शेण नसतं."