सत्ताविसाव्या पानावरचा मासा

एल्वा पेंगेलीचं रहस्यकथांबद्दलचं पहिलं मत असं होतं, की खुनी पहिल्या पानापासून वाचकाच्या डोळ्यांसमोर वावरला पाहिजे. चहा ओतत, दार उघडत, हवापाण्याच्या गप्पा मारत. शेवटच्या प्रकरणात कुठल्याशा बोटीतून उतरलेला परका माणूस खुनी निघाला, की ती पुस्तक भिंतीवर भिरकावायची. दुसरं मत आणखी कडक होतं. ज्या लेखकाला शेवट सुचत नाही, तो आठवण गेलेली बाई आणतो. 'मीच केलं होतं, पण मला आठवत नव्हतं' असल्या शेवटाला ती सरळ लबाडी म्हणायची. आणि भयकथांचं म्हणाल, तर भुतं, थडगी, किंकाळ्या वाचून तिला छान झोप लागायची. "घाबरवायचंच असेल तर माणसाला त्याच्या स्वयंपाकघरात घाबरवा," ती म्हणे. "थडग्यात काय, कुणी राहतं का?"

आखाताकाठच्या त्या लहान गावात तिच्या मतांना वजन होतं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हातारी मंडळी जमत. सगळ्यांनी एकच पुस्तक निम्म्यापर्यंत वाचून यायचं, खुनी कोण ते सांगायचं, आणि मग वाचनालय सांभाळणारी डल्सी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवणार, अशी रीत होती. गेलं वर्षभर एल्वाचा एकही अंदाज चुकला नव्हता. लिंडसेनं सारी हयात पोलिसात घालवली होती, खरेखुरे चोर पकडले होते, पण एल्वापुढे त्याची डाळ शिजत नव्हती.

या जिंकण्यावर एल्वाचं घर टिकून होतं. नवरा, क्लॅरी, गेल्यापासून ती जेटीजवळच्या घरात एकटी राहायची, आणि तिची मुलगी ग्लेनिस अ‍ॅडलेडहून सारखी फोन करून आडून आडून चौकशी करायची. गॅस बंद केलास का, गोळ्या घेतल्यास का. एल्वाचं उत्तर ठरलेलं असे. "ज्या बाईला निम्म्या पुस्तकात खुनी कळतो, तिच्या डोक्याची काळजी तू करू नकोस." येत्या शनिवारी ग्लेनिस येणार होती, आणि आजचा विजय तिच्या तोंडावर फेकायचं एल्वानं सकाळीच ठरवलं होतं. डल्सीलाही ती तसं म्हणाली. डल्सी रोज सकाळी चहाला यायची. नवरा गेल्यापासून बिचारीला घर खायला उठतं, म्हणून एल्वा तिला कधी नाही म्हणत नसे.

त्या गुरुवारी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. एल्वा वाचनालयात पोचली आणि बघते तर पिशवीत पुस्तक नाही, नुसती छत्री. पुस्तक घरीच राहिलं होतं.

"उन्हात छत्री आणि चर्चेला रिकामे हात," लिंडसे म्हणाला. "वय झालं बाईसाहेबांचं."

"तुला हरवायला मला पुस्तक लागत नाही, हवालदार," एल्वा म्हणाली आणि मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांच्या कपाटातून तेच पुस्तक स्वतःच काढून आणलं. डल्सी तेव्हा आत स्वयंपाकघरात केक कापत होती.

चर्चा सुरू झाली. पुस्तकात मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यावर लोकर कातरायच्या छपरीत मालकाचा खून झालेला होता. लिंडसेचा संशय मुकादमावर होता. एल्वानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, लॅमिंग्टन केकचा तुकडा संपवला, बोटांवरचं खोबरं झटकलं.

"वर्षभरातलं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे हे," ती म्हणाली. "आणि खुनी मालकाची मेहुणी. जी पहिल्याच प्रकरणात सगळ्यांना सूप वाढते ती. तिच्याकडे कुणी बघतच नाही, कारण ती काळजी घेणारी बाई आहे."

डल्सीनं शेवटचं प्रकरण वाचलं. खुनी मेहुणीच निघाली. खोलीत टाळ्या वाजल्या आणि लिंडसेनं कपाळावर हात मारून घेतला.

"कळलं कशावरून ते तर सांग," तो म्हणाला.

"दाखवते की. सूप वाढताना तिचा हात कापतो, तिथंच." एल्वा पानं उलटू लागली. पहिल्या प्रकरणाच्या शेवटाकडची ओळ होती ती. चोवीस, पंचवीस. सत्ताविसाव्या पानावर तिचा हात थांबला.

आता या गावची एक खोड सांगितली पाहिजे. म्हाताऱ्या वाचकांना नावं आठवत नाहीत, आणि रहस्यकथांची मुखपृष्ठं सगळी सारखीच. म्हणून पुस्तक वाचून झालं, की प्रत्येकजण एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीनं आपली बारीकशी खूण करतो, आणि नवं पुस्तक नेताना आधी ते पान उघडून बघतो. नियमात हे बसत नाही, पण डल्सी काणाडोळा करते. लिंडसेची खूण टोपीची. एल्वाची खूण लांब चोचीच्या माशाची, क्लॅरी जेटीवरून पकडायचा तसला, पान सत्तावीस. पुस्तक आवडलं तर मासा पोहताना. नाही आवडलं तर पोट वर करून मेलेला.

सत्ताविसाव्या पानावर, आकड्याखाली, मेलेला मासा होता.

मासा तिचाच होता. चोचीची रेघ जराशी वाकडी, कारण तिचं बोट संधिवातानं वाकडं झालं होतं, आणि ते वाकडं होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे हे पुस्तक तिनं वाचलं होतं. अगदी शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि तिला ते भिकार वाटलं होतं. सूप वाढणारी मेहुणी तिनं ओळखलेली नव्हती. ती डोक्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यात आधीपासून बसलेली होती. आणि गेल्या महिन्यात ओळखलेला तो खुनी औषधवाला? त्याआधीचा पाद्री? एल्वाला खोलीतल्या टाळ्या पुन्हा ऐकू आल्या आणि तिला त्यांची भीती वाटली.

"सापडेना का?" लिंडसेनं विचारलं.

"चष्मा आत राहिलाय," एल्वा म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. पुस्तक छातीशी धरून ती स्वयंपाकघरात गेली, आणि डल्सी तिच्या मागोमाग आली.

डल्सीनं उघडं पान पाहिलं आणि दार लोटून घेतलं. तिला नवल वाटलं नाही. एल्वाला सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्याचा.

"ही प्रत राहून गेली माझ्याकडून," डल्सी म्हणाली.

"राहून गेली म्हणजे?"

"पुसायची राहिली. बाकीच्या सगळ्या पुसल्यात. अगं, या वाचनालयात तू न वाचलेली एकही रहस्यकथा उरलेली नाही. कुठून आणू दर महिन्याला नवं?"

"तू माझे मासे पुसतेस?" एल्वाचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला? ग्लेनिसनं? मला वेडी ठरवून घर विकायचंय तिला?"

"तूच सांगितलंस," डल्सी म्हणाली.

चहाच्या पाण्याचं मोठं भांडं कोपऱ्यात खदखदत होतं. एल्वा खुर्चीवर बसली.

"ईस्टरला तुला पहिला मासा सापडला," डल्सी खालच्या आवाजात म्हणाली. "इथंच, याच खुर्चीत बसलीस. ग्लेनिसला फोनही तूच केलास, माझ्यासमोर. ती रडली, तू नाही. मी रोज सकाळी येऊन गॅस आणि गोळ्या बघायच्या, तोवर तू घरी राहायचं, असं तुम्हा दोघींचं ठरलं. आणि मला म्हणालीस, मासे पुसून टाक, हे मला पुन्हा पुन्हा नव्यानं कळायला नको."

"तू चहाला येतेस," एल्वा म्हणाली. "तुला एकटं वाटतं म्हणून."

"ते असं तूच ठरवलंस. मी म्हटलं, असू दे."

एल्वा डल्सीकडे बघत राहिली. चहा ओतणारी, दार उघडणारी, हवापाण्याच्या गप्पा मारणारी डल्सी रोज सकाळी तिच्यासमोर बसलेली होती, आणि सगळ्या पुस्तकांतले खुनी ओळखणाऱ्या एल्वाला एवढं दिसलं नव्हतं. तिला राग आला, पण तो कुणावर काढायचा हेच तिला समजेना. तिला भीती वाटत होती, तीही भर दुपारी, केकच्या ताटाशेजारी बसून.

"हा पुसू नकोस," ती शेवटी म्हणाली. "मला कळलेलं राहू दे."

डल्सीनं डोळे पुसले. "हिवाळ्यातही असंच म्हणाली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर तुला काहीच आठवत नव्हतं. पुढच्या खेपेलाही मीच जिंकणार, हवालदाराचं तोंड बघायला ये, म्हणत होतीस. मग मला सांगवलं नाही."

म्हणजे हे तिसऱ्यांदा होतं. या खुर्चीत बसून, हेच शब्द, हीच भीती. एल्वाला वाटलं, इतकी वाईट गोष्ट आजवर एकाही लेखकाला सुचलेली नाही, आणि सुचली असती तर आपण लबाडी म्हणून पुस्तक फेकलं असतं.

ती उठली. डल्सीनं धरलेला हात तिनं हळूच सोडवला, दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत गेली. मंडळी पेले गोळा करत होती. एल्वानं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, पान सत्तावीस.

"मी ओळखलं नव्हतं," ती म्हणाली. "मी हे पुस्तक आधी वाचलंय. सगळीच वाचलीयत. माझ्या लक्षात राहत नाही, आणि हे मला उद्यापर्यंत लक्षात राहील की नाही, ठाऊक नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगून ठेवते. डल्सी एकटी पडली होती यात."

लिंडसेनं पानावरच्या माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही, आणि तेच एल्वाला सहन होईना.

"पुढच्या महिन्यात मी पुन्हा खुनी ओळखला," ती त्याला म्हणाली, "तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, हवालदार. मला बाजूला घेऊन सांगायचं."

"तू मला खोटारडा म्हणशील," लिंडसे म्हणाला.

"म्हणेन," एल्वा म्हणाली. "तरी सांग."