दिएपने पारखलेल्या शाळा

हनोईच्या त्या गल्लीत सरकारी बालवाड्यांबद्दल कुणाला काही हवं असेल तर लोक दिएपला विचारत. खरं तर विचारत नसत, तीच गाठून सांगे.

अख्खा उन्हाळा तिने वॉर्डातल्या दोन शाळांच्या फाटकांशी स्कूटर लावून काढला. उन्हाळी वर्गातून सुटलेल्या पोरांना थांबवायचं, आज जेवायला काय होतं, कढणात मासा होता की नुसतं पाणी, ते खोदून खोदून विचारायचं. एका आजोबांनी तर पोरं पळवणारी समजून तिला हटकलं. तरी बाईसाहेबांचा उत्साह काही ओसरला नाही.

निकाल साफ होता. तळ्याकाठची शाळा म्हणजे सोनं. गल्लीच्या तोंडाशी जी होती तिचा रंग उडालेला, झोपायच्या चटया जुन्या, आणि मोठ्या बाईंचा आवाज भाजीबाजारातला. "तिथे घालण्यापेक्षा पोर घरी बसलेली बरी," हे ती फोच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या गाडीवर, शिंप्याकडे, जिथे माणूस दिसेल तिथे सांगत सुटली.

पोर घरी बसणं तिला मात्र परवडणार नव्हतं. तिच्या तीन वर्षांच्या लेकीला, बोंगला सांभाळायला सासूबाई गावाहून आलेल्या, आणि गावी सासरे पाय मोडून एकटे पडलेले. बोंगला जागा मिळाली तरच सासूबाई घरी जाणार होत्या.

तळ्याकाठच्या शाळेत जागांच्या दुप्पट अर्ज आले आणि सोडत ठरली. दिएप तिथे पोचली तर सगळी गल्लीच हजर.

"ताई, तुम्ही एवढं पारखून सांगितलंत," शेजारची न्हुंग गोड हसून म्हणाली, "मग आम्ही कशाला दुसरीकडे जातोय?"

दिएपने जीभ चावली, पण फार उशिरा.

चिठ्ठी काढायला तिने सासूबाईंना आणलं होतं. त्यांचा पायगुण चांगला, नववर्षाला घरात पहिलं पाऊल त्यांचंच पडावं म्हणून गावी शेजारी बोलावून नेत. वर माकूल खाल्लं की त्याच्या शाईसारखं नशीब काळं होतं म्हणतात, म्हणून दिएपने महिनाभर घरात ते समुद्री माकूल शिजू दिलं नव्हतं. सासूबाईंनी डब्यात हात घातला. चिठ्ठी कोरी निघाली. न्हुंगच्या चिठ्ठीवर लाल शिक्का होता.

सासूबाई बाहेर पायरीवर बसल्या आणि बाहीने डोळे टिपू लागल्या. "गावी हे स्वतःच भात लावतात म्हणे," त्या म्हणाल्या. "खालचा करपतो, वरचा कच्चा राहतो."

त्या तिला टाकून बोलल्या असत्या तर दिएपला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून गल्लीच्या शाळेत गेली.

"जागा? हव्या तेवढ्या आहेत," मोठ्या बाई त्याच आवाजात म्हणाल्या. "यंदा कोणी बया आमची बदनामी करत फिरली. झालं ते बरंच झालं, वर्गात मोजकी मुलं आहेत, एकेकाला मांडीवर घेऊन भरवता येतं."

"असतात बाई अशा बायका," दिएप म्हणाली आणि घाईघाईने सही केली.

बोंग तर पहिल्याच दिवशी मागे वळूनही न बघता आत पळाली. आठवड्याने सासूबाईंची पिशवी भरली. दिएप ती स्कूटरला अडकवत होती तेवढ्यात न्हुंग आली.

"आमच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही हो ताई. बोंगची शाळा कशी आहे? पोराला तिकडे हलवावं म्हणते."

दिएपने तोंड उघडलं. सांगण्यासारखं केवढं तरी होतं. कढणात मासा असतो, बाई गाणी म्हणत थोपटतात. तिने पिशवी हातात घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

"अगदी भिकार," ती म्हणाली. "विचारूच नकोस." आणि सासूबाईंना मागे बसवून ती बसथांब्याकडे निघाली.