जावईबापूंचा मदरबोर्ड

लीलाबाईंचा जावई कधीच चुकत नसे. म्हणजे चुकत असे, पण सेलूच्या त्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. मुकेशने भिंतीवर टीव्ही वाकडा लावला, तर सासऱ्यांनी, नत्थूजींनी, आपली खुर्ची तिरकी करून घेतली. त्याने विहिरीवरची मोटार अशी जोडली की ती उलटी फिरू लागली, तर नत्थूजी "वा, काय आवाज आहे" म्हणाले आणि मुकेशची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागल्यावरच मेकॅनिकला फोन केला. जावई तो जावई. त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, मग विहिरीतलं पाणी वर येवो न येवो.

त्यामुळे लीलाबाईंनी कम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा ते काम आपोआप मुकेशच्या गळ्यात पडलं. "आई, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी पाह्यतो सगळं," असं तो फोनवर म्हणाला आणि लीलाबाईंच्या टेन्शनला तिथूनच सुरुवात झाली.

कम्प्युटर शिकवणीसाठी हवा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, गणिताच्या बाई, आता घरबसल्या ऑनलाइन शिकवणार. कोणाला शंका येणार? खरं कारण फक्त त्यांच्या लेकीला, अंकिताला माहीत होतं. दिवाळीत लीलाबाई तिच्याकडे गेल्या होत्या. एका दुपारी अंकिताने गंमत म्हणून त्यांना आपल्या कम्प्युटरवर ट्रक चालवायच्या खेळासमोर बसवलं. पहिल्या ट्रिपला लीलाबाईंनी ट्रक खड्ड्यात घातला. दुसऱ्या ट्रिपला पेट्रोलपंपात. तिसऱ्या वेळी मात्र बर्फाने भरलेल्या कुठल्याशा परदेशी घाटातून बावीस टन लाकूड घेऊन त्या सुखरूप खाली उतरल्या, आणि उतरल्यावर चक्क टाळ्या वाजवल्या, स्वतःच्याच. समोरचा चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "आणखी एक माल भर."

दिवाळी संपली, ट्रक नागपुरात राहिला, लीलाबाईंचा जीवही तिथेच राहिला.

पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? वर्गात मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांचे फोन जप्त करणाऱ्या बाई म्हणून त्यांचा अख्ख्या तालुक्यात दरारा होता. घरातही काही कमी नव्हता. नत्थूजी फोनवर रमी खेळतात हे कळलं, त्या दिवशी जेवणाच्या ताटावरच त्यांच्याकडून तो खेळ काढून टाकवला होता. आता त्याच नत्थूजींना सांगायचं की मला ट्रक चालवायचाय? ते उरलेलं आयुष्य हसत काढतील.

म्हणून लीलाबाई गुपचूप तयारीला लागल्या. दुपारी कानात इअरफोन, डोक्यावर पदर आणि फोनवर कम्प्युटर जोडायचे व्हिडिओ. नत्थूजींना वाटे, प्रवचन चाललंय. बायको मध्येच "अरे वा" म्हणे, मान डोलवे, एकदा तर तिने हात जोडले. नवऱ्याला तिच्या भक्तीचं कौतुक वाटू लागलं. त्या भक्तीतून लीलाबाईंना नेमकं कळलं, की प्रोसेसर म्हणजे मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे त्याची बसायची जागा; आणि ही जागा त्याच्याच मापाची हवी. मधल्या बजेटात छान खेळता येतं, फक्त या दोघांचं एकमेकांत बसलं पाहिजे.

प्रोसेसर मुकेशने नागपुरातून आणून दिला. रायझन फाइव्ह, मॉडेल छप्पन्नशे. लीलाबाईंनी चष्मा लावून खोक्याची बाजू न् बाजू वाचली आणि मनातल्या मनात जावयाला पैकीच्या पैकी मार्क दिले. नत्थूजींनी खोक्याला हळदकुंकू लावून ते देवघरात ठेवलं. बाकीचं सामान वर्ध्याहून घ्यायचं आणि घरी मुकेशने स्वतःच्या हाताने जोडायचं, असं ठरलं.

रविवारी मुकेश आणि सासू-सासरे असे तिघं मुकेशच्या गाडीने वर्ध्याला दुर्गेशच्या दुकानात गेले. दुर्गेश हा लीलाबाईंचाच विद्यार्थी. बाईंना पाहताच त्याने आधी आपला फोन खिशात घातला आणि मग नमस्कार केला. सवय.

"बोर्ड दाखव भाऊ, चांगल्यातला," मुकेश म्हणाला.

"प्रोसेसर कोणता आहे तुमच्याकडं? एएमफोरच्या जागेत बसणारा की एएमफाइव्हच्या?"

लीलाबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. सोपा प्रश्न होता. पहिल्या बाकावरचा.

मुकेशने क्षणभर छताच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फाइव्ह. जुनं कोण घेते आता?"

लीलाबाईंनी मनातल्या मनात दिलेले सगळे मार्क परत घेतले. छप्पन्नशे एएमफोरचा होता! दुर्गेशने मात्र जावयाच्या शब्दावर विश्वास ठेवून बी-सहाशेपन्नास बोर्डाचं भलंमोठं खोकं आणि त्याला लागणारी नवी डीडीआर-फाइव्ह रॅम काउंटरवर मांडली. "एक नंबर बोर्ड आहे. फक्त एक सांगतो, सील फोडलं की परत नाई घेत."

"परत कोण करून राह्यलं?" मुकेश हसला.

लीलाबाईंच्या डोळ्यांपुढे उद्याचं चित्र उभं राहिलं. त्यांचा तो सुंदर प्रोसेसर, त्याच्या पोटाखालच्या नाजूक पिना, आणि वरून अंगठ्याने दाबणारा मुकेश. "बसत कसा नाही" असं म्हणत तो दाबणार, सासरे "दाबा जावईबापू" म्हणणार, आणि बर्फाचा घाट, बावीस टन लाकूड, सगळं तिथेच चेंगरणार. बोलावं, तर जावयाचा पाणउतारा आणि स्वतःचं बिंग फुटणार. न बोलावं, तर ट्रक गेला.

त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. नत्थूजी दुर्गेशला म्हणाले, "चहा सांगजो रे, बाईले चहा पायजे."

लीलाबाईंनी खोकून पाहिलं. चहात आलं टाकायला सांगण्यात आलं.

मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, अंकिताले या खोक्याचा फोटो धाडून विचाराचं का एकदा? उगाच आपलं मनाले बरं."

"आई, तुम्ही बसा ना निवांत. मी आहे ना."

तो होता, हीच तर अडचण होती. लीलाबाईंनी शेवटचा उपाय म्हणून स्वतःच अंकिताला फोन लावला आणि तोंडावर पदर धरून कुजबुजल्या, "तुह्या नवऱ्याले थांबव. एएमफाइव्ह घेऊन राह्यले." पलीकडून फक्त हसू ऐकू आलं. लेक इतकी हसत होती की तिला शब्द फुटेना. लीलाबाईंनी चिडून फोन ठेवला. इकडे दुर्गेशने बोर्ड उघडून दाखवायला कटर उचलला आणि सीलवर टेकवला.

"खबरदार!"

तीस वर्षं वर्ग हादरवणारा तो आवाज होता. दुर्गेशने कटर खाली टाकला आणि उभा राहिला. चहा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला. मुकेशने नकळत हाताची घडी घातली.

"तो प्रोसेसर एएमफोरचा आहे," लीलाबाई म्हणाल्या, आणि मग थांबणं त्यांच्या हातात राहिलं नाही. "त्याले खालून पिना आहेत. या बोर्डाच्या जाग्यातच पिना आहेत. पिनावर पिना कशा बसन? रॅमही चालत नाई, त्याले डीडीआर-फोर लागते. बी-पाचशेपन्नास काढ दुर्गेश, त्याच्यात पुरा बसते, अन् त्या प्रोसेसरले सोताचं ग्राफिक्स नाई, म्हणून कार्ड लागतेच, शिकवणी गेली खड्ड्यात!"

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि लीलाबाईंनी जीभ चावली.

मुकेशने सावकाश फोन काढला. प्रोसेसर घेतला त्या दिवशीचं बिल त्यात होतं. त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले. नत्थूजी घाईघाईने म्हणाले, "असू द्या जावईबापू, दोन्ही बोर्ड घेऊन टाकू. एक शोभेले ठेवू."

"नका ना बाबा!" मुकेश एकदम ओरडला. मग त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता तो काउंटरला टेकला. "सात वर्षं झाले लग्नाले. मले कम्प्युटरमधलं काही नाई समजत. टीव्हीतलं नाई समजत, मोटारीतलं नाई समजत. मी बँकेत पासबुकं छापतो बाबा! पण तुम्ही मले विचारता, अन् मी काहीही बोललो तरी वा म्हणता. मले रातची झोप येत नाई सेलूले यायचं म्हटलं की. आई, चुकलं म्हणाल्या तुम्ही. पह्यल्यांदा कोणी म्हणालं. लई बरं वाटून राह्यलं."

लीलाबाईंना भरून आलं. सात वर्षं आपण या पोराला हार घालून घालून पार गुदमरवलं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या सरळ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "मुकेश, टीव्ही वाकडा आहे."

"माहीत आहे आई. आल्या आल्या दिसते!"

नत्थूजी मात्र हसत नव्हते. ते बायकोकडे एकटक पाहत होते. "शिकवणी गेली खड्ड्यात, मंग हे मशीन कायले पायजे तुले?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लपवायची इच्छाही उरली नव्हती. जावयाला जे जमलं ते सासूला का जमू नये?

"मले ट्रक चालवाचा आहे," लीलाबाई म्हणाल्या. "खेळातला. मी चालवते, अन् मले लई आवडते. माल भरते, घाट उतरते, रिव्हर्स घेते. मले माहीत आहे मी तुमची रमी काढून टाकली. हसाचं असन तर हसून घ्या एकदाचं."

कोणी हसलं नाही. दुर्गेशने फार जपून विचारलं, "बाई, बी-पाचशेपन्नास काढतो. आणखी काही दाखवू?"

"स्टिअरिंग आहे?"

"आहे बाई. पेडलसकट."

त्याने वरच्या फळीवरून खोकं उतरवलं, चाक काढलं आणि काउंटरला घट्ट बसवून दिलं. लीलाबाईंनी पर्स मुकेशच्या हातात दिली, पदर खोचला, स्टुलावर बसून दोन्ही हातांनी ते चाक धरलं आणि हळूच डावीकडे वळवलं. मग उजवीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद पसरला म्हणून सांगू! पन्नासेक गणिताच्या तासिका एकदम रद्द झाल्यासारखा. आणि भर रविवारी, भर वर्ध्यात, विद्यार्थ्याच्या आणि जावयाच्या देखत, सेलूच्या मुख्याध्यापिका बाईंनी तोंडाने हॉर्न वाजवला.

नत्थूजी उठले. त्यांनी आपलं स्टूल ओढत ओढत बायकोच्या डाव्या बाजूला आणलं, तिथे मांडी सावरून बसले आणि हात बाहेर काढून काउंटरच्या फळीवर दोनदा थापटलं.

"चाल, येऊ दे," ते म्हणाले. "मी क्लीनर."